शेजारणीच्या हातचा घास

आईची अंघोळ, वेणीफणी, औषधं, दोनदा बदललेली चादर, एवढं सगळं प्रणालीने सकाळी नऊच्या आत उरकलं होतं. मनगटावरची वाटापट्टी मात्र शून्यावर ढिम्म होती.

देशात वर्षभरात तयार होणाऱ्या अंतिम वस्तू आणि सेवांची बाजारभावाने बेरीज केली की जीडीपी होतो, हे तिला शाळेपासून पाठ होतं. आता त्या बेरजेत आपण रोज किती भर घातली, ते ही पट्टी सांगायची. सलग तीन महिने शून्य दिसलं की घरातल्या आजाऱ्याची औषधांची सवलत बंद. प्रणालीचे अडीच झाले होते.

"आईला भरवणं काम नाही का?" तिने मिरजेच्या वाटा-कार्यालयात जाऊन विचारलं.

"काम आहे हो ताई," कारकून अवघडून म्हणाला. "पण त्याचे कोणी पैसे देत नाही ना. शेजारणीच्या आईला पैसे घेऊन भरवलंत, तर लगेच धरलं जाईल."

बिचाऱ्याने नियम सांगितला आणि प्रणालीने तो उचलला. भिंतीपलीकडे सायरा अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं सगळं करायची. तिची पट्टीही शून्यच. दोघींनी कामापुरती घरं बदलली. जेवढा पगार इकडून तिकडे, तेवढाच तिकडून इकडे. दोन्ही पट्ट्या हलल्या, औषधं चालू राहिली.

"आपण देश पुढे नेतोय गं," सायरा हसून म्हणायची.

आई हसत नव्हती. सायराच्या हातचा घास ती तोंडात तसाच धरून ठेवी आणि दाराकडे बघत बसे.

त्या दुपारी प्रणाली सायराच्या अब्बांना पेज भरवत असताना भिंतीपलीकडून आईची हाक आली, "प्रणू." पट्टीवरचा तास भरायला वीस मिनिटं होती. मधेच उठलं तर अख्खा तास बाद होई. सायरा आहे की जवळ, असं मनाशी म्हणत तिने पुढचा चमचा भरला. हाक आणखी दोनदा आली, मग थांबली. तास भरल्यावर ती धावत गेली, तेव्हा सायरा आईचा हात धरून रडत होती.

संध्याकाळी पट्टीवर तो तास पूर्ण जमा झाला. एक मिनिटही वजा नव्हतं.

चौथ्या दिवशी सायरा दारात येऊन उभी राहिली.

"मावशी गेल्या, म्हणजे माझी पट्टी पुन्हा... अब्बांची औषधं..." तिला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि ते बघून प्रणालीला जास्तच वाईट वाटलं.

ती आईच्या कॉटवर जाऊन बसली. "आईच्या औषधांचे पैसे उरलेत, त्यातून तुला पगार देते. अब्बांना आता तूच भरव. त्यांना तुझ्या हातचं मिळू दे. आणि पगार घेऊन मला भरव. चार दिवस पोटात धड काही गेलं नाहीये."

सायराने भात कालवला. तिच्या पट्टीवर तास सुरू झाला. पहिला घास प्रणालीला गिळताच येईना. तो तोंडात धरून ती दाराकडे बघत राहिली, आणि हमसून हमसून रडू लागली. सायराने ताट बाजूला सारून तिला कुशीत घेतलं.

बऱ्याच वेळाने प्रणालीने विचारलं, "सायरा, हे धरतात का गं पट्टीवर?"