बाटलीतला कापूस

औरादहून येणारी लातूर गाडी निलंग्याच्या स्टँडात शिरते ती भरूनच. त्या दिवशी एकच जागा उरली होती, आणि तिच्या शेजारी तो बसला होता. मांडीवर काळी बॅग, ओठांवर उगाचच हसू. गाडी हलली आणि त्याची बॅग बोलायला लागली. खुळखुळ... खुळखुळ... खड्डा आला की जास्तच.

तो आवाज मी झोपेतही ओळखेन. बाटलीत शेवटच्या चार गोळ्या उरल्या की त्या अशाच वाजतात. म्हणून आम्ही एचआयव्हीवाले बाटलीत कापूस कोंबतो. बसमध्ये, लग्नात, पाहुण्यांच्या घरी तिनं आपली जाहिरात करू नये म्हणून. आणि हा बाबा संबळ वाजवत निघाला होता.

लामजन्यापर्यंत मी दम धरला. मग वाकून म्हटलं, "बाटलीत कापूस घाला जरा."

त्याचा चेहरा उतरला. "कसली... बाटली?"

"हिंगाची."

मी माझी पर्स उचलून त्याच्या कानाशी हलवली. आवाज नाही. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आधी कान लाल झाले, आणि मग तो असा हसला की खिडकीबाहेरची सोयाबीन मला जरा जास्तच हिरवी दिसली. मला राग आला. मला सगळ्याचाच आधी राग येतो, सांगून ठेवते.

"मी संगमेश्वर," तो म्हणाला. "औरादला असतो. बोअरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो."

"मी लुंबिनी. निलंग्यात ब्यूटी पार्लर आहे माझं."

"तरीच."

"तरीच काय?"

"एक भुवई वर केली की समोरचं माणूस घाबरतंय."

त्याला हे कुठून झालं, मी कधी विचारलं नाही. तो प्रश्न विचारणाऱ्यांच्या मी भुवयासुद्धा करत नाही. मला तर जन्मापासूनच आहे. आई गेली, चांगुणामावशीनं वाढवलं, आणि दहावीपर्यंत ती सांगत राहिली, "रक्त वाढायच्या गोळ्या हैत, गुमान खा." घरात सगळ्यांना माहीत. शेजारणीला माहीत. शाळेतल्या बाईंना माहीत. अंग जिचं, तिलाच तेवढं माहीत नाही. दहावीच्या सुट्टीत मीच डॉक्टरांना विचारलं, एवढं रक्त वाढवून करायचं काय? डॉक्टरांनी मावशीकडे पाहिलं आणि मावशीनं जमिनीकडे. मावशीवर माझा जीव आहे, पण तो राग अजून गेलेला नाही. तेव्हापासून दवाखान्यात दोन प्रश्न विचारल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही. आकडा किती? आणि म्हणजे काय?

पुढं आमच्या गोळ्या आणायच्या तारखा जुळायला लागल्या. जुळवल्या, खरं सांगायचं तर. लातूरच्या दवाखान्यातून सुटलो की स्टँडासमोरच्या रसवंतीत बसायचं.

"बर्फ कमी घे," तो म्हणायचा. "घसा बसला तर माझ्यावर वरडायचं कुणी?"

हे असलं बोलायचा आणि ग्लासाआडून बघायचा. मी दुसरीकडे बघायचे. मला ते आवडायचं, याचाही राग यायचा.

एकदा मी विचारलं, "तुझा आकडा किती?"

"कसला?"

"रक्तात विषाणू किती आहेत त्याचा. वर्षाला तपासतात ना."

"डॉक्टरसाहेब छान म्हणले."

"छान हा आकडा आहे का? पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीत तार किती बसते?"

त्यानं न अडखळता सांगितलं. तारेची जाडी सांगितली, वेढे सांगितले, वजन सांगितलं. मी ग्लास आपटला. "लोकांच्या मोटारीचं सगळं पाठ, आणि स्वतःच्या रक्ताचं विचारलं की छान. पुढच्या वेळी विचारून ये. नाहीतर येऊच नको."

"लई कडक हाय बाई," तो हसला. "विचारतो. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी."

त्यानं विचारलं. आणि तिथंच सगळं बिघडलं.

पुढच्या खेपेला गाडीत मला पाहून तो उभाच राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदात गुंडाळलेला मोगऱ्याचा गजरा. मी शेजारी बसले. खड्ड्यामागून खड्डे गेले, पण बॅग गप्प.

"घातला म्हणायचा कापूस," मी म्हटलं.

"कापूस न्हाई," तो कानाशी येऊन म्हणाला. "बाटलीच न्हाई."

"म्हणजे?"

"तू म्हणलीस तसं इचारलं. साहेब म्हणले, विषाणू दिसत न्हाई. दिसत न्हाई, लुंबिनी... गेला. माझ्या अव्वानं देवाला नारळ फोडला. तवापासून गोळी बंद. आज दवाखान्यात काम न्हाई मला, तुझ्यासाठीच आलो." त्यानं गजरा पुढं केला. "मी बरा झालो. आता लग्न करू. तुझ्या गोळ्या, तुझा दवाखाना, समदं मी बघतो. मला चालतंय तुझं."

मला चालतंय. हे दोन शब्द माझ्या डोक्यात गेले.

"वायरीत करंट दिसतो का रे तुला?"

"आँ?"

"दिसतो का?"

"न्हाई..."

"मग धरतोस का हातात?"

मी थांबले नाही. "गोळीनं त्याला दाबून ठेवलं होतं. इतकं, की मशीनला मोजता येईना. म्हणून दिसत नाही म्हणाले. गेला असं कोण म्हणालं? गोळी सोडलीस, आता उठेल तो. म्हणजे काय, एवढं विचारायला तुझी जीभ झडली होती का? आणि माझाही दिसत नाही, संगमेश्वर. कित्येक वर्षं दिसत नाही. गोळी चालू आहे आणि तो दिसत नाही, तोवर माझ्यापासून नवऱ्याला लागायचा नाही. तुझ्या हिशोबानं मी तुझ्याआधीच बरी झालेय. मग मला चालवून घेणारा तू कोण?"

पुढच्या सीटवरची माणसं वळून बघत होती. बघू देत. लातूरच्या आधीच, औशाला मी उतरले. गजरा सीटवरच राहिला.

त्या साहेबाचाही राग आला. दिसत नाही, छान, पुढचा! एक वाक्य जास्त बोलला असता तर काय बिघडलं असतं त्याचं? आणि माझा स्वतःचा राग आला, कारण पुढच्या खेपेला गाडी आली तेव्हा मी आधी खिडक्याच पाहिल्या. तो नव्हता. त्याच्या पुढच्या खेपेलाही नव्हता.

फोन मी करणार नव्हते. केला. बंद.

मावशीनं मला एक गोष्ट फार उशिरा सांगितली होती. आईनंही गोळ्या सोडल्या होत्या. बरं वाटतंय म्हणून. पार्लरमध्ये कुणाची भुवई करता करता ते आठवायचं आणि हातातला दोरा तुटायचा. भांडून माणूस जात नाही. गोळी सोडून जातं. मरू दे मेला, असं म्हणायचे, आणि म्हटल्याबरोबर पुन्हा त्याचा नंबर लावायचे.

थंडीचे दिवस आले. त्या सकाळी गाडी लागली, मी दारात पाय ठेवला आणि आवाज आला. खुळखुळ... खुळखुळ... गाडी उभी होती. खड्डा नव्हता. मागच्या सीटवर बसून तो बॅग हातानं हलवत होता, आणि आख्खी गाडी त्याच्याकडे बघत होती.

वाळला होता. गालाची हाडं वर आली होती, शर्ट खांद्यावरून घसरत होता. मला रडू आलं, म्हणून मी रागानं बोलले.

"कापूस घालायला सांगितलं होतं ना?"

"काढला. तुला दारातूनच कळावं म्हणून."

"फोन?"

"न्युमोनिया झाल्ता. पडून व्हतो. बरा झालो तरी कुठल्या तोंडानं बोलू?"

मी शेजारी बसले. "आकडा?"

"बेचाळीस हजार." त्यानं मान खाली घातली नाही.

"म्हणजे काय?"

"म्हणजे हाय. दिसला तरी हाय, न्हाई दिसला तरी हाय. गोळी खाल्ली की दबून ऱ्हातो, सोडली की उठतो. गोळी परत चालू केलीय. पुन्यांदा तपासणार हैत. तवा दिसू न दिसू, गोळी सुटत न्हाई आता."

रागवायला काही सापडेना. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"आन्... ते दुसरं," तो म्हणाला.

"कोणतं?"

"मला चालतंय म्हणलो ते. लई वंगाळ बोललो. मी इचारायला पायजे व्हतं. मी... चालतो का तुला?"

"इतके महिने दिसला नाहीस," मी म्हटलं. "मला वाटलं, गेलास."

"दिसत नव्हतो," तो हळूच म्हणाला. "पर व्हतो की."

मी पर्स उघडली. बाटलीतला कापूस चिमटीत धरून बाहेर काढला आणि त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबला. तो बघतच राहिला. गाडी सुटली. लामजन्याचा रस्ता अजून तसाच आहे, सगळा खड्ड्यांचा. त्याची बॅग वाजायला लागली, आणि तिच्याबरोबर माझी पर्सही.

पुढच्या सीटवरची बाई वळली. "काय गं वाजायलंय मघापासून?"

"गोळ्या, मावशी," मी म्हटलं. "आमच्या दोघांच्या."