संध्याकाळचं इंजेक्शन

मी सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात घालवली. मला भास वगैरे होत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. मग मधेच कोणी 'काकू, तुमचं आता वय झालं' असं म्हणायचं नाही. ऐकायचं असेल तर तो दिवा जरा अलीकडे घ्या आणि नीट ऐका.

त्या दिवशी मी साहेबाची इन्शुलिनची बाटली आणायला औषधाच्या दुकानात गेले होते. साहेब म्हणजे आमचा कुत्रा. नाव ह्यांनी ठेवलेलं. ज्याच्या तैनातीला अख्खं घर असतं तो साहेब, असं ह्यांचं म्हणणं. दुकानदाराने बाटली बर्फाच्या पिशवीत ठेवली आणि सहज म्हणाला,

"काकू, या वेळी लवकर संपली."

"लवकर कुठे? नेहमीसारखीच संपली."

"नाही हो. मागची नेऊन फार दिवस नाही झाले. सांडली-बिंडली का?"

मला रागच आला. म्हटलं, तुम्ही तुमचं दुकान सांभाळा, माझी बाटली मी सांभाळते. पण घरी येईपर्यंत ते बोलणं डोक्यातून जाईना.

साहेबाचं सांगते. पंधरा वर्षांचा झाला होता तेव्हा. एकेकाळी दारावरची घंटा वाजायच्या आत पाहुण्याच्या अंगावर उडी मारणारा हा प्राणी आता दिवसभर खिडकीखालच्या गोधडीवर पडून असायचा. मधुमेहाने डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, दोन्ही डोळे दुधाळ झाले. कान गेले. हृदयाची गोळी वेगळी, मूत्रपिंडाची वेगळी. मागचे पाय इतके लुळे पडले होते की बाहेर नेताना पोटाखालून टॉवेल घालून, दोन्ही टोकं धरून त्याला उचलावं लागायचं. पिशवी उचलावी तसं. मी वाकडी, तो वाकडा, अशी आमची वरात खाली उतरायची आणि शेजारीपाजारी हसू दाबायचे. हसेनात का.

हे गेल्यावर मला सकाळी उठायचं कारण तेवढं एकच उरलं होतं. मुलंबाळं नाहीत. तो गेला की या घरात माझं बोलणं ऐकणारं कोणी नाही. आता तो बहिरा, म्हणजे तोही ऐकत नव्हताच म्हणा. पण माझ्याकडे तोंड करून बसायचा. तेवढ्याने भागतं माणसाचं.

तर इंजेक्शन. सकाळी खाणं झाल्यावर एक, संध्याकाळी खाणं झाल्यावर एक. मानेमागची सैल चामडी दोन बोटांनी वर उचलायची, सुई घालायची, मग जागेवर थोपटायचं. हे काम ह्यांचं. पण शेवटच्या वर्षात ह्यांना विसरायला व्हायला लागलं. चष्मा, चाव्या, मग माणसांची नावं. एकदा साहेबाला इंजेक्शन दिलं, विसरले, आणि थोड्या वेळाने पुन्हा दिलं. साहेब थरथरत आडवा झाला. हिरड्यांना साखरेचं पाणी चोळून चोळून मी त्याला परत आणला. हे कोपऱ्यात उभे राहून लहान मुलासारखे रडत होते.

तेव्हापासून मी नियम घातला. माझ्या जुन्या परकराची लाल नाडी होती, ती घेतली. ज्याने इंजेक्शन दिलं त्याने नाडी साहेबाच्या पट्ट्याला बांधायची. पुढचं खाणं देताना सोडायची. नाडी दिसली की सुईला हात लावायचा नाही, मग कोणी काहीही म्हणो. हे गेल्यावरही मी ते चालू ठेवलं. एकटीसाठी कशाला, म्हणाल. सवय, दुसरं काय.

त्या संध्याकाळी घरात शिरले तर साहेब गोधडीवर उठून बसला होता आणि शेपूट हळूहळू जमिनीवर आपटत होता. मला वाटलं, माझ्यासाठीच. पण त्याचं तोंड दाराकडे नव्हतं, स्वयंपाकघराकडे होतं. बाहेर उजेड होता, आत मात्र अंधारून आलं होतं. मी दिवा लावला. आणि मला वास आला.

इन्शुलिनला वास असतो, बरं का. जखमेवरच्या पट्टीसारखा, उग्र, औषधी. सुई भरताना एखादा थेंब सांडला तरी खोलीभर राहतो. तो ताजा वास खोलीत होता आणि साहेबाच्या पट्ट्याला लाल नाडी बांधलेली होती.

मी खाली बसले. निघताना त्याला खायला घातलं होतं, नाडी सोडली होती, हे मला लख्ख आठवत होतं. की नव्हतं? भीती वाटली ती भुताची नाही. आपलंही ह्यांच्यासारखंच व्हायला लागलं, याची वाटली. मी विसरायला लागले तर या मुक्या जिवाचं करायचं कोणी?

मी साहेबाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"शंका असेल तर देऊ नका," त्या म्हणाल्या. "एक चुकलं तर निभावतं. दोन पडली तर या वयात नाही निभावणार. थोड्या थोड्या वेळाने कानाला टोचून साखर बघा."

मी बघत राहिले. साखर उतरत गेली. सुई पडल्यावर उतरते अगदी तशी.

मग नाडीकडे पुन्हा नीट पाहिलं. मी नेहमी सुरगाठ मारते, एका ओढीत सुटणारी. ही निरगाठ होती, घट्ट, नखांनी सोडवावी लागणारी. हे निरगाठ मारायचे. मी त्यावरून त्यांना कितीदा बोलले होते. गाठ सोडवताना, खोटं कशाला सांगू, मला बरंही वाटत होतं.

रोज असं झालं असतं तर मी सुई हातात धरणंच सोडलं असतं. पण कधी व्हायचं, कधी नाही. मी दार आतून लावून बसले, तरी आंघोळीला जाऊन येईपर्यंत नाडी बांधलेली. सुया कपाटात कुलपात ठेवल्या. बाटली शेजारणीच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवली. तिच्याकडची बाटली कमी होत नव्हती, आणि साहेबाची साखर मात्र उतरत होती. साहेबाला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात ठेवून पाहिलं, तर अनोळखी जागेत तो भिंतींवर आपटत फिरला, अन्नाला शिवला नाही, वाळून परत आला. पुन्हा तिथे ठेवाल तर जिवंत मिळणार नाही, असं त्यांनीच सांगितलं.

आणि मग एका संध्याकाळी व्हायचं ते झालं. मी स्वतः इंजेक्शन दिलं, सुरगाठ मारली, भांडं विसळायला आत गेले. नळ बंद केला तेव्हा बाहेर शेपटीचा आवाज येत होता. धप... धप... धप. मग तो थांबला.

मी धावत आले. माझ्या सुरगाठीवर एक निरगाठ बसली होती. साहेबाचे पाय ताणले होते, तोंडातून फेस येत होता.

साखरेचं पाणी, मांडीवर डोकं, हिरड्या चोळणं, सगळं पुन्हा. किती वेळ गेला देव जाणे. त्याच्या जिभेत जोर आला, त्याने माझं बोट चाटलं, तेव्हा मी त्या रिकाम्या खोलीवर ओरडले. "अहो, मी दिलं होतं. दिलं होतं ना मी. नाडी बांधलेली दिसत नाही का तुम्हाला?"

मला कळून चुकलं होतं की जिवंतपणी जे विसरत होते ते आताही विसरतच आहेत. आणि त्यांच्या मायेनेच हा एक दिवस मरणार आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी एक केलं. संध्याकाळचं इंजेक्शन दिलं की साहेबाजवळ बसायचं आणि आपला डावा हात त्याच्या मानेमागे, सुईच्या जागेवर पालथा ठेवायचा. काळोख होईपर्यंत हलवायचा नाही. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग एकदा साहेबाने डोकं वर केलं, शेपूट हलवायला लागला. तो पट्टीचा वास आला. माझ्या हाताच्या पाठीवरची चामडी... आपोआप वर उचलली गेली. दोन बोटांत धरल्यासारखी. बोटं दिसत नव्हती. मी बघत होते आणि मला टोचलं. मग चामडी सुटली आणि त्या जागी कोणीतरी हलकेच थोपटलं.

मी भ्याले का? भ्याले. पण हे गेल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता, हेही खरं.

अर्ध्या तासात घाम फुटला, हात लटपटायला लागले. साहेबाच्याच यंत्रावर माझी साखर पाहिली, बरीच खाली होती. वाटीभर साखर खाल्ली. नंतर मी तयारीनेच बसायला लागले. आधी भरपेट जेवायचं, साखरेची वाटी शेजारी ठेवायची आणि हात मांडायचा. साहेबाचा डोस माझ्या अंगात जायचा, साहेब वाचायचा. हिशोब सरळ होता.

अडचण आली ती माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची. एक रात्र दवाखान्यात राहावं लागणार होतं. मी धाकट्या नणंदेला बोलावलं. ही एका छापखान्यात काम करते, तोंडाने फटकळ. आदल्या दिवशी आली, तिला मी सगळं सांगितलं. गोळ्या, टॉवेल, नाडी. आणि हे.

"वहिनी, डोळ्याबरोबर डोकंही तपासून घे."

"तपासते. पण उद्या संध्याकाळी तू हात ठेवणार आहेस."

"दादा मला टोचणार?" ती हसली. मग तिचे डोळे भरले. "खरंच येतो का गं तो?"

"येतात. आज बस माझ्यासमोर, म्हणजे तुला समजेल."

बसलो. मी साहेबाला खायला घातलं, इंजेक्शन दिलं, सुरगाठ मारली. तिला गोड खायला लावलं. तिने आपला हात साहेबाच्या मानेवर ठेवला. खिडकीतला उजेड गोधडीवरून सरकत भिंतीवर गेला. रस्त्यावरचे आवाज कमी झाले. ती दोनदा जांभई देऊन म्हणाली, "वहिनी, पाठ मोडली माझी."

"गप्प बस."

साहेबाने डोकं उचललं.

धप... धप... शेपूट हलायला लागलं. वास आला, आणि तिनेही नाक आक्रसलं. मी तिच्या हाताकडे बघत होते. हाताच्या पाठीवरची चामडी सावकाश वर आली. तिने श्वास आत घेतला, पण हात हलवला नाही, धीट पोरगी. टोचलं तशी तिची पापणी मिटली.

मग ती अगदी हळू बोलली, झोपलेलं मूल जागं होऊ नये तशी.

"वहिनी... हा दादा नाही."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"आई आजारी होती तेव्हा माझी वेणी दादाच घालायचा. रोज. त्याची बोटं मला माहिती आहेत, वहिनी. ही त्याची नाहीत."

निरगाठ कोणीही मारतं. संसार केला मी त्यांच्याबरोबर, त्यांची बोटं मला कळली नसती का? पण मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मला पाहायचंच नव्हतं. कोणीतरी येत होतं, एवढं मला पुरत होतं. साहेब तर आंधळा आणि बहिरा. तो आनंदाने शेपूट हलवत होता, कोणासाठी ते त्याला तरी कुठे ठाऊक होतं.

"हात काढू?" ती कुजबुजली. तिच्या कपाळावर घामाचे थेंब दिसायला लागले होते.

मी साहेबाकडे पाहिलं. तिच्या तळव्याखाली त्याची म्हातारी मान वरखाली होत होती.

"काढू नकोस," मी म्हणाले. "खाली साहेब आहे."

तिने नाही काढला. टोचून तर कधीच झालं होतं. एरवी टोचून झालं की बोटं लगेच सुटायची, मग थोपटणं व्हायचं. आम्ही दोघी वाट बघत बसलो. खोलीत पुरता अंधार झाला, तरी तिच्या हाताची ती चामडी कोणी सोडली नव्हती.