फिकट तुकडा

सोमवारी हिचं हृदयाचं ऑपरेशन. त्याआधी हिचा एक चांगला फोटो आपल्या हाताने करायचा, असं मी मनाशी घेतलं होतं. तिला सांगितलं तर म्हणाली, "भिंतीवर टांगायची एवढी घाई?" मला हसू आलं नाही.

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. प्रकाश कसा वागतो हे फळ्यावर समजावणं सोपं. फिल्मवरचा फोटो कागदावर उतरवणं मात्र यंदा मेहुण्याकडून शिकलो. घरच्या बाथरूमचीच डार्करूम केली. खिडकीला काळं कापड, सिंकवर लाल दिवा, फरशीवर औषधांचे ट्रे. मोठ्या दिव्याचं बटण बाहेर पॅसेजमध्ये, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली.

तरीही ही आपली वेताची खुर्ची दाराशी ओढून बसलीच. "सवयीने कुणी दिवा लावला तर? मी राखण करते." घरात आम्ही दोघंच. तेवढ्या ओढाओढीनेही तिला धाप लागली, ती मला आत ऐकू येत होती.

फोटोही त्याच खुर्चीतला, गेल्या रविवारी गॅलरीत काढलेला.

"आधी तुकड्यांवर चाचणी, भावोजी," मेहुण्याने बजावलं होतं. "उतावीळपणा केलात की कागद वाया." म्हणून त्या एकाच फोटोला चार तुकड्यांवर कमी-जास्त सेकंद उजेड दिला आणि ते डेव्हलपरमध्ये सोडले.

चार सेकंदांचा तुकडा फिकट उमटला. ती हसत होती. आठच्या तुकड्यात तिने मान वळवली होती. बाराच्या तुकड्यात खुर्चीचा हात धरून ती अर्धी उठली होती. सोळाचा अगदी जमला होता. काळा रंग दाट, वेताचा धागा न् धागा स्पष्ट. खुर्ची रिकामी. उशीत नुसता खळगा.

निगेटिव्ह लाल दिव्यासमोर धरली. केस पांढरे, दात काळे, पण ती होती. बसलेली. चूक माझीच असणार म्हणून क्रम उलटा करून पुन्हा सगळं केलं. पुन्हा तेच.

जमलेला फोटो गेला खड्ड्यात. मला तो फिकट तुकडाच हवा होता. पण फिक्सरमध्ये बुडवल्याशिवाय त्याला उजेड दाखवायची सोय नव्हती, कागद काळवंडला असता. घाईत वळलो आणि पायाने फिक्सरचा ट्रे उलटला. सगळा फिक्सर मोरीत गेला.

"काय पडलं हो?"

"काही नाही. तू बस."

"आवाज का असा येतोय तुमचा?"

"बसून राहा म्हणतो ना! उठू नकोस!"

वेत करकरला.

"घसरलात का? थांबा, दिवा लावते."

"नको! अगं, ऐक माझं..."

चिकटपट्टी सोलल्याचा आवाज आला.

लख्ख उजेड पडला.

तुकडा माझ्या तळहातावर होता. आधी तिचा चेहरा करडा झाला, मग खांदा. मी दुसऱ्या हाताने झाकला. उशीर झाला होता.

हाक मारली. ओ आली नाही.

दार उघडलं. बटण दाबलेलं होतं, पट्टी लोंबत होती. घराच्या दाराला आतून कडी.

खुर्चीत कुणी नव्हतं. उशीतला खळगा माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू भरून येत होता.