घट्ट बोल

“पातळ देऊ नका हो त्यांना. श्वासात जाईल.”

दामिनीनं मान वर केली. समोर एक उंच, सावळा माणूस उभा होता. डोक्यावरचे केस नुकते कुठं उगवायला लागलेले. हातात स्टीलचा पसरट वाडगा आणि त्यात लांब दांड्याचा चमचा. कॅन्सरचा शेक देतात त्या खोलीबाहेर कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे आपापली फाइल मांडीवर घेऊन बसतात. आणि हा सरळ तिच्या ग्लासातल्या मुगाच्या पाण्याकडे बघत होता. तेच पाणी आत्ता तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या, नाकातून परत आलं होतं.

“मग काय देऊ? पुरणपोळी?” ती फटकन म्हणाली.

तो हसला नाही, रागावलाही नाही. वाडगा पुढं धरला. “बोल घ्या.”

“काय बोलू?”

“न्हाई, तसं न्हाई... हा बोल. मह्या मायचा बोल हाय हा.”

माणूस वेडा आहे की दुःखी, हे त्या बाकांवर पटकन कळत नाही. मग त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, तेव्हा उलगडा झाला. काय खावं हे सांगणाऱ्या दवाखान्यातल्या बाईंनी दिलेला कागद. वर रंगीत फोटो, त्यात फळांचा घट्ट रबडीसारखा गोळा, आणि खाली नाव – स्मूदी बोल.

त्याचं नाव सत्यम. नांदेडकडच्या नायगावचा. घरी केळीची बाग, दर मंगळवारी स्वतःचा टेम्पो घेऊन लातूरच्या फळबाजारात यायचा. त्याची आई तुळजाबाई याच दवाखान्यात सात महिने होती आणि वीस दिवसांपूर्वी गेली. तो कागदपत्रं न्यायला आला होता. वाडगा आणला होता कुणाला तरी द्यायला.

“घरी ठेवला तर बाबा रोज त्याच्याकडं बघत बसतेत,” तो म्हणाला. “तुमच्या कामाला येईल.”

प्रेम सुरू व्हायला याहून वाईट जागा लातुरात शोधूनही सापडली नसती. पण प्रेमाला कुठं पत्ता विचारायची सवय असते!

अप्पा, म्हणजे मलप्पा, हे लातूरच्या मोंढ्यातला, धान्याच्या बाजारातला आवाज. चाळीस वर्षं त्यांनी सौदे पुकारले. तुरीच्या ढिगावर उभे राहून त्यांनी बोली सुरू केली की गप्पा मारणारे हमालसुद्धा गप्प व्हायचे. गालात तंबाखू ठेवून पुकारायचे, आणि तंबाखूनं शेवटी हिशेब केला तो जिभेपाशीच. अर्ध्याहून जास्त जीभ काढली. ओठांवरची ब-प-म तेवढी उरली. जिभेची अक्षरं जिभेबरोबर गेली. लिहायचं म्हणाल तर त्यांना आकडे येत, अक्षरं नाहीत. दामिनीनं पाटी आणून दिली, ती त्यांनी पलंगाखाली सरकवली.

दामिनीची आई कमलम्मा ती आठवीत असतानाच गेलेली. घरात ही दोघंच. अठ्ठावीस वर्षांची दामिनी एका कोचिंग क्लासमध्ये फोन घ्यायला होती. दिवसभर “नमस्कार, बोला” म्हणायचं, त्याचाच पगार. स्वतःचं काही बोलायची तिला सवयच नव्हती. आता तीही सुट्टीवर होती, बिनपगारी. डॉक्टरांनी बजावलं होतं, “वजन पंचेचाळीसच्या खाली गेलं तर शेक थांबवावा लागेल. मग पोटातून नळी.” अप्पांनी नळीचं नाव ऐकल्याबरोबर छातीवरच्या लिंगावर हात ठेवून मान हलवली होती. रोज इष्टलिंगाची पूजा करून मगच पहिला घास घेणारा माणूस. घास तोंडातूनच जाणार.

त्या दिवशी काट्यावर आकडा होता सेहेचाळीस.

पुढच्या मंगळवारी सत्यमचा टेम्पो गल्लीत उभा राहिला. दोन फण्या केळी, दोन पपया. “कागदावरचं मापात जमत न्हाई कुणाला,” तो दारातूनच म्हणाला. “एकदा करून दाखवतो, मग माझं काम संपलं.”

“यात ब्लूबेरी लिहिलीय.” दामिनीनं कागद नाचवला. “ती कुठून आणू?”

“ब्लूबेरीवाचून लातुरात कुणी मेलं न्हाई, मॅडम. जूनात जांभळं येतेत, तवर दम धरा.”

मेलं, हा शब्द त्या घरात फार मोठा वाजला. दामिनीनं फ्रीज उघडला.

केळ्याच्या चकत्या तिनं आदल्या दिवशीच बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या होत्या, फोनवर त्यानं सांगितलं होतं म्हणून. दगडासारख्या झालेल्या. त्यात पपई, टांगून ठेवलेल्या दह्याचा चक्का, भिजवून सोललेले बदाम, दोन खजूर.

“दूध?”

“थेंब न्हाई. फिरवा... थांबा. फिरवा... थांबा. एकसारखं फिरवलं की गरम होऊन पातळ होतंय.”

“टेम्पो पण असाच चालवता का?”

“माल मागं असला की असाच.” तो भांड्यात बघत म्हणाला. “शेजारी माणूस असलं तर... आणखी हळू.”

दामिनीनं मिक्सरचं बटण जरा जास्तच वेळ दाबून धरलं.

“चमचा भरा. आता उलटा करा. पडला का?”

नाही पडला. केशरी गोळा चमच्याला धरून राहिला. “पास,” सत्यम म्हणाला. “माय शेवटी शेवटी तीनच चमचे घ्यायची. मी हज्जारदा उलटा करून बघायचो. पडायचा न्हाई. तरी...”

दोघांच्या मध्ये ओट्यावर पपईच्या बिया चमकत होत्या. दामिनीच्या ओठांवर काहीतरी आलं... तेवढ्यात बाहेरून वाडग्यावर चमचा वाजला.

“बो!” अप्पा म्हणाले.

ऑपरेशननंतरचा पहिला शब्द! दामिनी धावली. “बोल म्हणाले! ऐकलंत? बोल मागितला अप्पांनी!” डाव्या तळहातावर लिंग घेऊन अप्पांनी पूजा केली, मग घास घेतला. नाकातून आलं नाही. ठसका नाही. अकरा चमचे. दामिनीनं मोजले आणि पदर नसतानाही पदराला डोळे पुसावेत तसे ओढणीला पुसले.

“काम संपलं” म्हणणारा माणूस त्यानंतर सात मंगळवार आला.

शेजारच्या सरजाबाई ओट्यावर गहू निवडत बसलेल्या असायच्या. “काय गं दामे, हा केळी घालायला येतो का घर बघायला?”

“मावशी, अप्पांसाठी येतो तो.”

“हाव का? मग अप्पा आत हायत, ह्यो दारात का उभा ऱ्हातो घंटाभर?”

तो दारात उभा राहायचा कारण निघताना दोघांनाही काहीतरी आठवायचं. फोनवरही तेच. “बोला मॅडम,” तो म्हणायचा, आणि दामिनी म्हणायची, “काही नाही. केळी जरा कच्ची आणा.” एकदा त्यानं दुसरी वाटी काढली, तिच्यासाठी. वरून डाळिंबाचे दाणे, भिजवलेला सब्जा, खोबऱ्याचा कीस, अगदी फोटोतल्यासारखं. “अप्पांना दाणे चालत न्हाईत. तुम्ही खा.”

“मला कशाला?”

“अप्पांचं वजन दवाखाना करतोय. तुमचं कोण करून राहिलंय?”

दामिनीच्या हातातला चमचा तसाच राहिला. इतक्या महिन्यांत तिला कुणी जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघायला लागली, त्यानं नजर हलवली नाही, आणि –

“बो!” आतून चमचा वाजला.

“आले अप्पा!” ती पळाली. अप्पा तिच्याकडे बघत राहिले, मोठा उसासा टाकला, आणि समोर आलेला दुसरा वाडगा मुकाट्यानं संपवला. हे असं दर मंगळवारी. काट्यावर सत्तेचाळीस झाले. डॉक्टर म्हणाले, मुलगी हुशार आहे.

शेक संपले आणि खोकला सुरू झाला. छातीचा फोटो काढला. फुफ्फुसात डाग होते, एक-दोन नाही, पेरल्यासारखे. डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, “जे आवडतं ते खाऊ घाला.”

पुढच्या मंगळवारी सत्यम केळी न घेता आला. दारातच उभा राहिला.

“आमच्यात आई गेली की वर्षाच्या आत लग्न उरकावं लागतंय. न्हाई तर तीन वर्षं थांबा. घरात चूल पेटवायला कुणी न्हाई, बाबा मेटाकुटीला आलेत. मुरुडची एक मुलगी बघून ठेवलीय त्यांनी. येत्या रविवारी होकार द्यायला जायचंय.”

“बरं,” दामिनी म्हणाली.

“बरं?”

“म्हणजे... चांगलं आहे.”

“मॅडम, तुम्ही लिंगायत, आम्ही कोंबडं कापणारे. मला समद्या अडचणी पाठ हायत. पण तुम्हाला काही म्हणायचं असेल, तर...” त्यानं टेम्पोची किल्ली मुठीत आवळली. “एक शब्द पुरे.”

आत मरणाला टेकलेला बाप, बाहेर हा. आपल्या सुखाचं बोलायची ही वेळ आहे का?

“बो!” आतून आवाज आला. चमचा नव्हे, या वेळी मूठ आपटली होती पलंगावर. “बो! बो!”

“आले अप्पा!” आणि ती वळली. देवा, ती वळलीच. बर्फाच्या कप्प्यातून चकत्या काढल्या, मिक्सर लावला. फिरवा, थांबा... नाही थांबली. एकसारखा फिरवला. त्या घरघरीत टेम्पो सुरू झालेला तिला ऐकू आला नाही.

वाडगा घेऊन ती पलंगापाशी गेली तेव्हा अप्पांनी तो हातानं दूर सारला. थोडा सांडला. पातळच झाला होता. त्यांनी दामिनीचा हात धरून तिला खाली बसवलं, आणि तंबाखूनं पिवळं पडलेलं ते बोट आधी दाराकडं केलं, रिकाम्या दाराकडं. मग तेच बोट उचलून तिच्या ओठांवर ठेवलं.

“बो,” अप्पा म्हणाले. अगदी हळू. “बो... बो.”

ल निघत नव्हता.

खायला मागत नव्हते. पहिल्या मंगळवारपासून मागत नव्हते. सौद्याला उभा राहून गप्प बसणाऱ्या माणसाला ते जन्मभर जे सांगत आले, तेच ते पोरीला सांगत होते – बोल. आणि तिनं प्रत्येक वेळी पळत जाऊन त्यांच्यापुढं वाडगा ठेवला होता. आणि त्यांनी, पोट भरलेलं असताना, गिळताना डोळ्यांत पाणी येत असताना, तो प्रत्येक वेळी संपवला होता. पोरीचं मन मोडू नये म्हणून.

“अप्पा, मग मान तरी हलवायची ना हो!” ती रडत रडत हसली. अप्पाही हसले. हसताना खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.

गुरुवारी सकाळी अप्पा गेले.

त्यांना बसवूनच नेलं, लिंगायतांत नेतात तसं. फुलांनी सजवलेल्या पालखीत, विमानात, ताठ बसलेले अप्पा मोंढ्यावरून गेले, तेव्हा हमालांनी काम थांबवलं. कुणीतरी म्हणालं, सौद्याला निघालेत जणू. मूठ मूठ माती पडली आणि माणूस बसल्या जागी दिसेनासा झाला.

लिंगायतांत सूतक पाळत नाहीत, म्हणून शनिवारी मिक्सर लावायला तिला कुणी अडवलं नाही. बर्फात शेवटच्या चकत्या होत्या. फिरवल्या, थांबली. फिरवल्या, थांबली. तुळजाबाईच्या वाडग्यात काढून चमचा उलटा केला. पडला नाही. पण खाणारं कुणी नव्हतं. सरजाबाई दोनदा डोकावून गेल्या. समोर रिकामा पलंग, पलंगाखाली कोरी पाटी.

तिनं फोन उचलला. आपण फोन घ्यायचा पगार घेतो आणि आपल्याला एक फोन लावता येत नाही, असं मनात आलं. लावला. चार वेळा वाजला. पलीकडं टेम्पोची घरघर, मग ती बंद झाली. त्याला कळलेलं असणार. लातूरच्या बाजारात काय लपतं?

नेहमीचं “बोला मॅडम” आलं नाही.

“बोल,” सत्यम म्हणाला.

दामिनीनं डोळे मिटले. ल किती स्वच्छ ऐकू आला होता.

“मुरुडला जाऊ नको,” ती म्हणाली.



“आणखी बोल,” तो म्हणाला.

मग ती बोलली. अप्पांचं, दाराचं, त्या सात मंगळवारांचं. मधे मधे रडली, थांबली, परत बोलली. समोर ठेवलेल्या वाडग्यातला गोळा हळूहळू वितळत गेला, पार पाणी झाला, आणि दामिनी बोलतच राहिली.