‘अवर’मधला अ

“आधी खाली उतरा,” ती म्हणाली.

शिडीवरच्या पेंटरने मान वळवली. वर्गाच्या भिंतीवर त्याने इंग्रजीत झोकात रंगवलं होतं — ‘ए अवर’, ‘ॲन युनिफॉर्म’.

“का? अक्षर वाकडं आलं?”

“अक्षर सुरेख आहे. इंग्रजी वाकडं आहे. अवरला ॲन लागतं आणि युनिफॉर्मला ए.”

“पण मॅडम, अवरचं स्पेलिंग एचने सुरू होतं आणि युनिफॉर्मचं यूने. ए-ई-आय-ओ-यू दिसलं की ॲन, हे घोकतच मोठा झालोय मी.” तो हसला. त्याच्या गालावर निळ्या रंगाचा ओघळ होता, आणि आपण त्याकडे जरा जास्तच वेळ बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

खरं तर चिडायला तिला तोंडच नव्हतं. तिच्या तिसरीतल्या सगळ्या पोरांनी कालच्या चाचणीत हीच चूक केली होती. उद्या मोठ्या बाई तिचा तास बघणार होत्या... जमला तर नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेरीला निरोप. हे सगळं ती त्याला का सांगून बसली, कोण जाणे.

“स्पेलिंग बघू नका, आवाज ऐका, असं सांगून घसा बसला हो. तरी ती स्पेलिंगच बघतात.”

पेंटर खाली उतरला. “दुकानांच्या पाट्या आम्ही दोन्ही लिप्यांत रंगवतो,” म्हणत त्याने खडू उचलला आणि फळ्यावर मराठीत लिहिलं — अवर, युनिफॉर्म. “अवरच्या सुरुवातीला अ, म्हणजे स्वर. युनिफॉर्मच्या सुरुवातीला य, म्हणजे व्यंजन. मराठीत लिहिलं की चोर आपोआप सापडतो... हो ना?”

ती बघतच राहिली. इतकी वर्षं शिकवूनही तिला हे सुचलं नव्हतं.

“इतके दिवस कुठे होता तुम्ही?” तिच्या तोंडून निसटलं.

“शिडीवर,” तो म्हणाला आणि खडू तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी तिने पोरांना हीच युक्ती शिकवली. मोठ्या बाईंनी पुस्तक मिटून स्वतःच शब्द विचारले. युनिव्हर्सिटी? पोरांनी बोटाने हवेत य काढला — ए युनिव्हर्सिटी. मग बाईंनी हुकमी पत्ता टाकला. “एक्स-रे?”

तीस बोटांनी हवेत मराठी ए, म्हणजे स्वर, काढला आणि छप्पर उडेल इतक्या जोरात उत्तर आलं. “ॲन एक्स-रे!”

“या वर्गाला दुसरी टीचर मिळणार नाही आता,” मोठ्या बाई हसत म्हणाल्या. “तुम्ही कायम झालात.”

ती धावतच व्हरांड्यात आली. तो ब्रश धूत होता.

“झाले मी कायम. तुमच्यामुळे.”

“माझं काम मात्र आज संपलं.” त्याने ब्रश खाली ठेवला, शर्टाला हात पुसले. “मॅडम, आय ॲम... ॲन ऑनेस्ट मॅन. म्हणून सरळ सांगतो. तुम्ही मला फार आवडता.”

ऑनेस्ट हा शब्द तिने त्याला शिकवलाच नव्हता. दाराआडून पोरं कुजबुजली, “टीचर, ॲन बरोबर आहे.”

“सगळंच बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि पोरांच्या देखत तिने त्याचा ओलसर हात हातात घेतला.