ताई झोपली की

संगणकाचा पंखा दिवसरात्र घरघरतो, एवढंच वैजयंतीताईनं फोनवर सांगितलं होतं. मी पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे नात्यातला प्रत्येक बिघडलेला डबा माझ्याच वाट्याला येतो. एप्रिलमध्ये सुट्टी काढून सोलापूरला गेलो आणि पहिल्याच दुपारी तिच्या संगणकापुढं बसलो.

ताई जुळे सोलापूर भागात राहते, शाळेत मराठी शिकवते. दाजी रेल्वेत, कुर्डुवाडीला. घरी येतात ते रविवारी. जेवताना तिनं मला कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली, स्वतः मात्र गार दहीभात घेतला. तिच्या ओठांचे दोन्ही कोपरे चिरले होते. सकाळी उठलं की जबडा ठणकतो, तोंड आंबूस झालेलं असतं, म्हणाली. डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या होत्या.

संगणकाला वास येत होता. पंख्यातून येणारी हवा गरम होती, पण दमटही होती. कुणी अगदी जवळून, न धुतलेल्या तोंडानं श्वास सोडावा तशी. मी खिडकी उघडली. बाहेरची झळ त्यापेक्षा बरी वाटली.

आत शोधताना मला वेब सर्व्हरच्या सेटिंगच्या फायली सापडल्या. वेब सर्व्हर म्हणजे मागेल त्याला पान दाखवणारा प्रोग्रॅम. प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्या बाईच्या घरी त्याचं काय काम? कुणीतरी बाहेरून घुसलंय, असं मी धरून चाललो. पण कुणी कधी पान मागितलं त्याच्या नोंदींमध्ये बाहेरचं कुणीच नव्हतं. पान देणारं यंत्र हेच आणि मागणारंही हेच. रात्रभर ते स्वतःकडेच पान मागत होतं आणि स्वतःच बघत होतं.

अशा फायलीत काही ओळी यंत्रासाठी नसतात. लिहिणारा त्या दुसऱ्या माणसासाठी लिहून ठेवतो. इथं तशी एकच ओळ होती, मराठीत.

ताई झोपली की उघड.

ताई माझ्या मागं उभी होती. तिनंही ती वाचली.

"मला ताई तर तूच म्हणतोस की."

"मी नाही लिहिलं."

ती बरं म्हणाली, पण खुर्चीपासून थोडी मागं सरकली.

मी ते पान उघडलं. त्यावर फोटो होते, एकाखाली एक. आधी काही कळेना. खाली ओलसर, पांढुरका थर साचलेला गुलाबी मांसाचा उंचवटा. पुढं दातांची कमान, पण मागच्या बाजूनं, पिवळ्या किटणासकट. लाळेची एक तार वरून खाली लोंबत होती. दातांपलीकडं ओठांची फट आणि त्या फटीतून दिसणारा छताचा पंखा.

हा फोटो बाहेरून काढलेला नव्हता. आतून बाहेर बघत काढला होता.

खालचा एक दात तिरका होता. ताईचा तो दात मी लहानपणापासून ओळखतो. तिनंही ओळखला. ती बेसिनकडं धावली आणि बराच वेळ तिच्या ओकाऱ्यांचा आवाज येत राहिला. माझ्याही घशाशी दहीभाताची चव आली, मी तर तो खाल्लाही नव्हता.

मी इंटरनेटची वायर काढली. सर्व्हर बंद केला. फायली कायमच्या पुसल्या. माउसला हात लावावासा वाटेना. तो चिकट लागत होता.

ताई बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. पदराचा बोळा तोंडावर दाबून. मी तिला म्हणालो, आजच माझ्याबरोबर पुण्याला चल. तिनं मान डोलावली, तोंड उघडलं नाही.

मी यंत्र बंद करायला आत आलो.

पान पुन्हा उघडलं होतं.

त्यावर आता एकच चित्र होतं. ते हलत होतं.

दात सरळ होते. ताईचे नव्हते. उजवीकडच्या एका दाढेत चांदी भरलेली होती, तिच्या कडेला शेंगाचटणीचे लाल कण. ओठांपलीकडं पंखा नव्हता. एक उजळ चौकोन होता.

माझी जीभ नकळत उजव्या दाढेकडं गेली.

पडद्यावरची जीभही गेली.

मी तोंड मिटलं. पडदा काळा झाला.