मैनाबाईचा बिल्ला

"बिल्ला नाही, तर गाडी नाही!" असं ठणकावून सांगत कमलाने ट्रकमधल्या फळीवर शेवटचा खिळा ठोकला.

भिलाईच्या नव्या क्वार्टरांसमोर त्या शुक्रवारी संध्याकाळी नुसती धांदल उडाली होती. दिवाळीची सुटी लागली होती आणि चार घरांची मंडळी ठेकेदाराच्या ट्रकमधून धूपगडला निघाली होती. त्या वेळच्या आपल्या मध्य प्रदेशातलं सगळ्यात उंच टोक! शनिवारी तिथला सूर्यास्त पाहायचा आणि रविवारी परत यायचं.

बिल्ल्यांची कल्पना बारा वर्षांच्या कमलाची. कारखान्यात शिरताना प्रत्येकाचा पितळी बिल्ला गेटवरच्या फळीला लागतो आणि सुटताना जो तो आपला काढून नेतो. एखादा लटकलेला राहिला, की माणूस आत अडकला, शोधा त्याला! कमलाने तेच उलटं केलं. ट्रकमध्ये चढलं की बिल्ला खिळ्याला, उतरलं की जवळ. सगळे खिळे भरले की निघायचं. तिने, तिच्या धाकट्या भावाने, चंपतने आणि शेजारच्या रुक्माने तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून बिल्ले केले होते. ड्रायव्हर फकिराकाकांना तर ही पद्धत भलतीच आवडली.

रुक्माच्या आजीला, मैनाबाईला, दिसत नव्हतं म्हटलं तरी चालेल. म्हणून तिच्या बिल्ल्याला कमलाने बोटाला लागेल अशी खाच पाडली होती. आजीने तो पदराच्या गाठीत तंबाखूसोबत बांधला आणि बोळक्या तोंडाने खूप हसली.

"मी बी कारखान्यात लागली वं बाई! पन लटकवाले तुह्याच हाती देईन हं. दुसऱ्या कोनाच्या नाही!"

"अवं, आजीचं गाठोडं पाह्य!" चंपत कमलाच्या कानाशी लागला. "चारही लुगडी, घोंगडं, औषधाची बाटली! दोन दिवसांसाठी?"

"वरतं थंडी असते," ते ऐकून रुक्माचा बाप देवीदास खेकसला. "तुले कावून पाह्यजे चौकशा?"

नागपूर मागे पडलं, घाट लागला आणि शनिवारी ऊन कलायच्या सुमारास ट्रक धूपगडाच्या पायथ्याशी थांबला. शेवटची चढण पायीच होती. देवीदासने आईला पाठीवर घेतलं आणि गाठोडं हातात धरलं.

"लेक असावा तं असा!" बायका म्हणाल्या. कमलाला मात्र कोडं पडलं. सूर्यास्त पाहायला गाठोडं कोण नेतं?

सूर्य बुडाला तशी बोचरी थंडी सुटली. इथे अस्वलं फिरतात असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे घाईघाईने उतरले. देवीदास आधीच ट्रकपाशी पोहोचला होता.

"आईले थंडी वाजे. मीनं आधीच आणून निजवलं तिले. उठवू नोका!"

कोपऱ्यात गोधडीखाली कुणीतरी मुटकुळं करून पडलं होतं. फळीवरचे सगळे खिळे भरले होते. फकिराकाकांनी गाडी सुरू केली.

कमलाची नजर आजीच्या बिल्ल्यावर गेली. खाच होती, नाव होतं. पण तो लटकवला कुणी? आजीने तर तिच्याच हाती द्यायचं कबूल केलं होतं! तिने बिल्ला नाकाशी नेला. तंबाखूचा वास औषधालाही नव्हता.

"रुक्मा, हा बिल्ला कोनं केला?"

"मीनंच! बाबा म्हने, आजीचा हरवला तं? एक जास्तीचा करून ठेव. बाबा किती काळजी करते नं आजीची!"

चंपतने गोधडी ओढली. खाली मुरमुऱ्याचं पोतं!

म्हणजे आजी वरच राहिली होती! कमलाने बिल्ला मुठीत घट्ट धरला आणि ती ओरडली, "फकिराकाका, थांबा! एक खिळा रिकामा हाय!"

करकचून ब्रेक लागला.

"अवं, लटकव नं तो!" देवीदास तिच्या अंगावर धावला.

"ज्याचा त्यानंच द्यायचा!"

फकिराकाकांची बॅटरी घेऊन तिघंही पोरं वर पळाली. मागून काकाही धापा टाकत आले. अगदी टोकाच्या खडकावर, बुडालेल्या सूर्याकडे पाठ करून, मैनाबाई गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. थंडीने तिचे ओठ काळेनिळे पडले होते.

"आली का वं कमला? देवीदास पानी आनाले गेला. जागची हलू नोको म्हने, बाजूले खोल हाय."

फकिराकाकांनी तिला उचलून खाली आणलं. आजीने गाठीतून काढून दिलेला आणि मुठीतला, असे दोन्ही बिल्ले कमलाने सगळ्यांसमोर हातावर धरले आणि दुसरा देवीदासने रुक्माकडून कसा करवून घेतला ते सांगितलं. देवीदासची मान खाली गेली, पण जीभ थांबली नाही.

"खोली एकच हाय माही. रातभर खोकलते. मी डुटीवरून येऊन झोपू कुठं? वरतं येते-जाते लोक असते. नेलंच असतं कोनं तरी तिले!"

मैनाबाई तिथेच होती. तिला दिसत नव्हतं, ऐकू मात्र चांगलं येत होतं.

जो तो आपापलं सामान सारखं करू लागला. मग सगळ्यांत वडीलधारे जानरावभाऊ खाकरले. "पोरगी मोठी हुशार हाय, बाप्पा!"

झालं! सगळ्यांना जणू वाट सापडली. "काय डोकं हाय!" "बापाचं नाव काढीन!" कमलाच्या हातावर लाडू पडले. देवीदासनेही तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याला मात्र कुणी चकार शब्द बोललं नाही. आजीला लेकाशेजारीच बसवलं आणि पुऱ्यांचा डबा उघडला. कमलाला सगळ्यांचा संताप आला. तिने लाडू तसेच बाजूला ठेवले.

"आन वं ते बिल्ले," मैनाबाई म्हणाली. तिने दोन्ही खाचांवरून अंगठा फिरवला आणि दोन्ही पदराच्या गाठीत बांधले.

"आजी, एक लटकवा लागते नं!" कमला म्हणाली.

"नोको. दोन्ही माह्यापाशीच राहू दे. आता तिसरा पाह्यजे असन, तं पुन्हा माह्या नातीलेच सांगा लागन त्याले."

रुक्मा वडिलांना टेकून बसली होती. ती उठली आणि आजी नि वडील यांच्या मधे जाऊन बसली.

फकिराकाकांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मैनाबाईकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.